एसीचा फिल्टर स्वतः बदला, आणि जुना फिल्टर मागून घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रस्त्यावरच्या धुळीवर पत्रं येतात, खड्ड्यांवर येतात, खनिज वाहतुकीवर तर वर्षानुवर्षं येतायत, मी ती सगळी वाचते आणि बहुतेक पटतात. पण गाडीच्या काचा वर केल्या आणि एसी लावला की ती धूळ बाहेर राहिली असं आपण सगळे धरून चालतो ना, त्यावर कोणी लिहिलेलं निदान माझ्या वाचनात तरी आलं नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे. जमलं तर पूर्ण छापा, कारण यातली करायची पद्धत अर्धवट छापली तर कोणाच्या उपयोगाची नाही.

मी साखळीची, नोकरी पणजीला. रोज सकाळी आमोण्याचा पूल, माशेल, बाणस्तारी, जुनं गोवं असं करत जायचं आणि संध्याकाळी तसंच परत, जाऊन येऊन सत्तरेक किलोमीटर होतात, सोबत ऑफिसातल्या दोघीजणी असतात, म्हणजे दिवसाचे दोन-सव्वादोन तास आम्ही तिघी गाडीतल्या बंद हवेत असतो. शिवाय माझी आई. तिला दमा आहे, पंप कायम पर्समध्ये, आणि बांबोळीच्या हॉस्पिटलात तपासणीला न्यायचं तर माझ्या गाडीशिवाय सोय नाही.

गेल्या पावसाळ्यात गाडीत वास यायला लागला. ओलं पायपुसणं चार दिवस बादलीत राहिलं तर येतो तसा कुबट वास, एसी चालू केल्या केल्या पहिली दोन-तीन मिनिटं जास्त आणि मग नाकाला सवय झाली की कळत नसे. आई मात्र बसली की खोकायला लागायची, "बंद कर गो तो एसी" म्हणायची आणि काच खाली करायची, पावसाचं पाणी आत आलं तरी चालेल पण काच खालीच. मला वाटायचं वय झालंय, एसी सोसत नाही तिला. हे मला आज लिहितानाही वाईट वाटतंय.

मग जुलैत एकदा संध्याकाळी आमोण्याच्या पुलावरून येताना समोरची काच आतून अशी धुरकट झाली की पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे म्हणजे नुसते दोन डाग दिसत होते. तिघी भिजलेल्या, पायाशी तीन ओल्या छत्र्या, काचा बंद. ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, चारवर होता, हवा काचेकडे वळवलेली होती, आवाज भरपूर आणि हवा मात्र फुंकर मारल्यासारखी. शेजारी बसलेली मैत्रीण रुमालाने काच पुसत होती, पुसलं की पाच सेकंद दिसायचं आणि परत पांढरं. पूल कसाबसा संपवला आणि कडेला थांबले. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली, वासाचं सोडा, पण समोरचं दिसत नाही म्हणजे काय.

त्याच आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली. सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही कारण ही गोष्ट एका सेंटरची नाही असं मला नंतर चार जणांशी बोलल्यावर कळलं. जॉब कार्डवर मी स्वतः सांगून लिहून घेतलं होतं, एसीला वास येतो, हवा कमी येते. बिलात "एसी ट्रीटमेंट" म्हणून साडेबाराशे रुपये लावले आणि त्याखाली "केबिन फिल्टर क्लीनिंग", म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर साफ केला, अशी एक ओळ, त्याचं लेबर वेगळं. गाडीत लिंबाचा सेंट मारला होता. दोन दिवस लिंबाचा वास आला, तिसऱ्या दिवशी लिंबू आणि पायपुसणं दोन्हीचा, पाचव्या दिवशी परत फक्त पायपुसणं. फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, सगळं चेक केलंय, पावसाळ्यात एवढा वास येतोच." मी ते मान्य केलं, बाईमाणसाने गाडीच्या बाबतीत किती वाद घालायचा असं तेव्हा वाटलं.

गणेश चवथीला माझा भाचा घरी आला. फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो. आरत्या झाल्या, जेवणं झाली, त्याला सोडायला निघाले तर गाडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मावशी, केबिन फिल्टर कधी बदललास?" मी म्हटलं सर्व्हिसिंगमध्ये बघतात की ते. तो म्हणाला, "तू बघितलास?" मी नाही म्हटलं. तर म्हणाला आत्ताच बघू, पण मी हात लावणार नाही, तूच काढ. आणि त्याने खरंच शेवटपर्यंत हात लावला नाही, नुसता मोबाईलचा टॉर्च धरून बाजूला उभा राहिला.

तर संपादक महोदय, आता ते कसं काढायचं ते लिहिते, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः बायकांनी, एकदा करून बघावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. बहुतेक गाड्यांत हा फिल्टर पुढच्या डाव्या सीटसमोरच्या खणाच्या मागे असतो, ज्यात आपण आरसी, इन्शुरन्स, पीयूसी कोंबून ठेवतो तो खण, ग्लोव्ह बॉक्स. बोनेटखाली काळ्या डब्यात असतो तो इंजिनचा एअर फिल्टर, तो वेगळा, त्याचा आपल्या श्वासाशी संबंध नाही. लोक "एअर फिल्टर बदललाय" एवढंच ऐकून खूश होतात आणि हा दुसरा तसाच राहतो, म्हणून विचारताना "केबिन फिल्टर" किंवा "एसीचा फिल्टर" असंच विचारायचं.

गाडी बंद, एसी बंद, चावी काढलेली. आधी खण पूर्ण रिकामा करायचा, माझ्यात कागदपत्रांखाली देवळातला प्रसादाचा पुडा, दोन छत्रीची कव्हरं आणि वाळलेली अबोली निघाली. मग खण उघडून त्याच्या दोन्ही बाजू बघायच्या, तो ठरावीक कोनाच्या पुढे उघडू नये म्हणून दोन्हीकडे अडकण असते. माझ्या गाडीत त्या दोन गोल खुंट्या आहेत, फिरवून आत ओढल्या की निघतात, काही गाड्यांत खणाच्या दोन्ही भिंती हातांनी आत दाबल्या की खण सुटतो, काहींत एका बाजूला बारीक दोरी किंवा दांडी लावलेली असते ती आधी सोडवायची. ताकद लावायची नाही. प्लास्टिक आहे, अडलं तर कुठेतरी अजून एक क्लिप राहिलीय असं समजायचं. खण खाली लोंबकळला की आत एक चपटं आडवं झाकण दिसतं, वहीच्या कडेएवढं, दोन्ही टोकांना क्लिपा. आणि हो, तिथे पिवळ्या रंगाचं कनेक्टर असलेली वायर दिसली तर तिला अजिबात हात लावायचा नाही, पिवळं म्हणजे एअरबॅगचं, हे भाच्याने मला दोनदा बजावलं.

झाकण काढायच्या आधी मोबाईलवर एक फोटो. झाकण काढल्यावर फिल्टरची कड दिसते आणि त्या कडेवर बहुधा बाण छापलेला असतो, हवा कुठल्या दिशेने जाते त्याचा. त्याचाही फोटो. हे महत्त्वाचं आहे, कारण जुना बाहेर आला की बाण वर होता की खाली हे आठवत नाही. मग फिल्टर सरळ, आडवा ठेवूनच हळू बाहेर ओढायचा, वाकडातिकडा केला तर त्याच्यावरचा कचरा आत पंख्यात पडतो. नाकावर मास्क लावा, आपल्या सगळ्यांच्या घरात करोनापासूनचे पडलेले असतात.

नवा साधा फिल्टर पांढरा असतो. माझ्या हातात आला तो लाल चिऱ्याच्या रंगाचा होता.

खरंच सांगते, अंगणातल्या चिऱ्याच्या गडग्याशेजारी धरला असता तर वेगळा दिसला नसता. घड्याघड्यांमध्ये आंब्याच्या वाळक्या पानांचा चुरा बसलेला, आमची गाडी आंब्याखाली असते. मधेमधे काळपट हिरवे ठिपके, शिळ्या पावावर येते तशी बुरशी. झुरळाचा एक पंख. आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं भोक, माझं बोट आरपार गेलं. हा आमच्या "क्लीनिंग" झालेला फिल्टर, सर्व्हिसिंगला जेमतेम दीड महिना झाला होता. अंगणात पेपर पसरून त्याच्यावर उलटा करून आपटला तर दोन चमचे तरी लाल माती पडली असेल. आई ओसरीवर बसून बघत होती. ती काही बोलली नाही, पदर नाकाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी म्हापशात स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, गाडीचं मॉडेल, साल आणि पेट्रोल की डिझेल एवढं सांगितलं, जुना फिल्टर पिशवीत घालून नेला होता तो दाखवला, पाच मिनिटांत नवा मिळाला. साधा साडेतीनशेचा होता, काळा चारकोलवाला साडेपाचशेचा, मी चारकोलवाला घेतला. आपल्याकडच्या नेहमीच्या छोट्या गाड्यांना साधारण याच घरात मिळतो, मोठ्या गाड्यांना जास्त पडतो. पार्ट नंबर जुन्या फिल्टरवर किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो. मापात एक सेंटिमीटरचाही फरक चालत नाही, कडेने फट राहिली तर हवा फिल्टरमधून न जाता फटीतून जाते, मग तो घालून न घातल्यासारखाच.

घालण्याआधी ती रिकामी जागा व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून साफ केली, नसेल तर कोरडं फडकं पुरतं, पाणी मात्र नको. बाण जुन्यासारखाच ठेवून फिल्टर आत सरकवला, झाकण "टक्" आवाज येईपर्यंत दाबलं, खण वर अडकवला. गाडी चालू केली आणि ब्लोअर दोनवर ठेवला. दोनवर! आधी चारवर येत नव्हती एवढी हवा दोनवर तोंडावर आली. सगळं मिळून वीस मिनिटं, त्यातली दहा खण रिकामा करण्यात आणि भरण्यात. आता मला सात-आठ मिनिटं लागतात.

हे सगळं का होतं ते थोडं सांगते. गाडीत येणारी बाहेरची हवा बोनेट आणि समोरची काच यांच्या मधल्या, वायपरखालच्या जाळीतून येते. तिथून ती या फिल्टरमधून जाते, मग पंखा, मग एसीची कूलिंग कॉइल, मग आपल्या तोंडावर. आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं तरी बहुतेक गाड्यांत ती याच फिल्टरमधून जाते, म्हणजे फिल्टर घाण असेल तर सुटका दोन्हीकडून नाही. फिल्टरचं कापड कागदासारखं दिसतं, पण ते बारीक कृत्रिम धाग्यांचं असतं, जास्त जागा मिळावी म्हणून घड्या घातलेल्या असतात, आणि बऱ्याच फिल्टरांत त्या धाग्यांना स्थिर विजेचा भार दिलेला असतो, त्यामुळे बारीक कण चिकटतात. म्हणूनच धुवायचा नाही. पाण्याने तो भार जातो, घड्या बसतात, आणि आपल्या हवेत तो नीट वाळत नाही, ओलाच परत आत जातो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. गॅरेजमध्ये हवेचा पाइप मारून देतात ते सुद्धा बरं नाही, जोराच्या हवेने धागे फाटतात आणि फिल्टर दिसायला साफ पण कामाला चाळणी होतो. "क्लीनिंग"चे पैसे घेतात ते बहुधा याचेच.

चारकोलवाला असला तर वास आणि काही वायू थोडे कमी होतात. पण त्याने सगळं थांबतं असं कोणी समजू नये. साधा फिल्टर जाड धूळ आणि फुलांचे परागकण चांगले अडवतो, अगदी बारीक, पीएम २.५ म्हणतात त्या कणांपैकी थोडेच अडवतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर कुठलाच केबिन फिल्टर अडवत नाही, म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत बसायचं ते नकोच. माझ्या आईचा दमा बरा झाला असंही मी म्हणत नाही. धूळ आणि बुरशी दम्याला त्रास देते हे डॉक्टरच सांगतात, आणि चवथीनंतर आजपर्यंत आईने गाडीत एकदाही काच खाली करायला सांगितलेलं नाही, एवढंच मी बघितलंय ते लिहिते.

काच धुरकट होण्याचं पण इथेच येतं. ओल्या कपड्यांची, श्वासाची वाफ थंड काचेवर बसते. एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि कोरडी हवा काचेवर मारतो, पण हवाच पोचली नाही तर एसी कितीही चांगला असो, काच साफ होणार कशी? चोर्ल्याच्या घाटात, अनमोडला पावसाळ्यात बाहेरच धुकं असतं, त्यात आतून काच गेली की माणूस आंधळाच. लोक टायर बघतात, ब्रेक बघतात, वायपरचं रबर बदलतात, ते बरोबरच आहे, पण पावसाळ्याआधी बघायच्या यादीत हा साडेतीनशे रुपयांचा फिल्टर कोणी धरत नाही.

आणि आपल्या गोव्याला तर याची जास्त गरज आहे. कंपनीच्या पुस्तकात अमुक हजार किलोमीटरला बदला असं लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना वर्षाला किंवा दहा ते वीस हजार किलोमीटरच्या आत कुठेतरी, आणि त्याच पुस्तकात धुळीच्या भागात लवकर बदला असंही असतं, ते वाचत कोणी नाही. डिचोली, साखळी, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा इथल्या माणसाला लाल धूळ काय ते मी सांगायला नको. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग सुप्रीम कोर्टाच्या निकालाने १६ मार्च २०१८ पासून परत बंद, आता पुन्हा एकेक सुरू होतायत. ज्यांची पोटं त्यावर आहेत त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही, माझ्याच घरात एकाचे दोन ट्रक होते. पण धूळ ती धूळ. खाणी बंद होत्या तेव्हाही हायवे ६६ च्या रुंदीकरणाची धूळ होतीच, पणजीत रस्ते खोदून ठेवले होते तेव्हा आम्ही तोंडाला ओढणी बांधून ऑफिसात जायचो, आणि वास्कोवाल्यांना कोळशाच्या काळ्या धुळीबद्दल विचारा, खिडकीच्या गजावर बोट फिरवून दाखवतील. हे सगळं डिसेंबर ते मे फिल्टरमध्ये साठतं. मग जूनमध्ये आपला पाऊस सुरू होतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, चार महिने काही वाळत नाही, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते तर मातीने भरलेल्या त्या फिल्टरला येणार नाही होय?

म्हणून माझं मत असं की गोव्यात फिल्टर बदलायची वेळ किलोमीटरवर सोडू नये. मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटी, नवा घालायचा, म्हणजे उन्हाळ्याची धूळ पावसात भिजत नाही. आणि चवथ झाली की एकदा नुसता उघडून बघायचा, ओल किंवा काळे ठिपके दिसले तर परत बदलायचा. रोज जास्त फिरणारे टॅक्सीवाले, रेंट-अ-कॅबवाले यांनी तर नक्कीच, ते बिचारे दिवसाचे दहा-बारा तास त्याच हवेत असतात. मी मागच्या आठवड्यात माझा बदलला, आठ महिने आणि साडेबारा हजार किलोमीटर झालेला, तो राखाडी-लाल झाला होता पण बुरशी नव्हती, भोक नव्हतं.

पुढच्या दोन गोष्टी भाच्याने सांगितल्या आणि मला उपयोगी पडल्या. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, कूलिंग कॉइलवरचं पाणी सुकतं आणि वास धरत नाही. दुसरं, वायपरखालच्या जाळीत अडकलेली पानं आठवड्याला हाताने काढायची, आंबा, फणस, गुलमोहर कशाच्याही खाली गाडी असेल तर जास्तच, नाहीतर पाणी जायची वाट बुजते आणि पावसाचं पाणी आत फिल्टरपर्यंत, कधी पायाखालच्या मॅटपर्यंत येतं. उंदीर पण तिथूनच शिरतात.

काही जण म्हणतात फिल्टर काढूनच टाका, हवा जास्त येते. येते, खोटं नाही. पण मग धूळ थेट ओल्या कॉइलवर जाऊन बसते, तिचा चिखल होतो, आणि ती कॉइल नीट साफ करायची तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्याचं बिल हजारांत येतं. काही गाड्यांच्या स्वस्त मॉडेलात तर कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो, जागा असते पण आत काही नाही. आमच्या वाड्यावर एका रविवारी मी आणि दोन शेजारणींनी मिळून तीन गाड्या उघडल्या, त्यातल्या एकीत असंच निघालं, सहा वर्षं ती बाई फिल्टरशिवाय एसी लावत होती आणि तिला वाटत होतं सर्व्हिसिंगवाले साफ करतात. दुसरीच्या गाडीत फिल्टर होता पण उलटा, बाण विरुद्ध दिशेला. तिसरीचा ठीक होता, नुसता जुना. तिघींपैकी एकीचाही नवरा त्या दिवशी बोलवावा लागला नाही. काही गाड्यांत जागा वेगळी असते हे मात्र खरं, बोनेटखाली वायपरजवळ किंवा पायाकडे बाजूच्या पॅनलमागे स्क्रू लावून, तिथे आधी पुस्तक बघायचं आणि जमणार नाही वाटलं तर ओळखीच्या गॅरेजवाल्यासमोर उभं राहून करून घ्यायचं. इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांनी पण ऐका, इंजिन नसलं तरी हा फिल्टर तुमच्याही गाडीत आहे.

आता ज्यासाठी मी मुख्यतः हे लिहायला बसले ते. फिल्टर बदलून झाल्यावर मी बिलांची फाईल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या एका बिलावर केबिन फिल्टर बदलल्याचे पैसे लावलेत, पार्टचे वेगळे, लेबर वेगळं. तो तेव्हा खरंच बदलला होता का? मला सांगता येत नाही. जुना फिल्टर मी मागितला नव्हता आणि त्यांनी दिला नव्हता. त्यामुळे मी कोणावर आरोप करू शकत नाही, आणि कोणी मला तो बदलला होता हे दाखवूही शकत नाही. हे असं राहू नये एवढीच माझी मागणी आहे. सर्व्हिस सेंटरने कुठलाही पार्ट बदलला की जुना पार्ट पिशवीत घालून ग्राहकाच्या हातात द्यावा, न मागता. ग्राहकाला नको असेल तर तो तिथेच टाकेल. फिल्टर साफ केला असं बिलात लिहायचं असेल तर गाडी देताना खण उघडून दाखवावा, एका मिनिटाचं काम आहे. गाड्यांची सर्व्हिस सेंटरं चालवणाऱ्यांनी हे आपणहून सुरू केलं तर आमच्यासारख्यांचा विश्वास वाढेलच. आणि न केलेल्या कामाचे पैसे कोणी लावले असतील तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला दाद आहे, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे फोन करून तक्रार नोंदवता येते, पण त्यासाठी आपल्या हातात बिल आणि फोटो पाहिजेत, नुसतं "मला वाटतं" चालत नाही.

तोपर्यंत मी करते ते सांगते. नवा फिल्टर घालताना त्याच्या कडेवर बॉलपेनने तारीख आणि किलोमीटर लिहिते. गाडी सर्व्हिसिंगला गेली आणि आली की खण उघडून बघते. माझं अक्षर दिसलं तर तोच फिल्टर आहे, दिसलं नाही तर नवा आहे. गेल्या सर्व्हिसिंगला जॉब कार्ड लिहिणाऱ्या मुलाला मी आधीच सांगितलं, केबिन फिल्टर मी बदललाय, त्याला हात लावू नका. त्याने मान वर करून बघितलं आणि लिहून घेतलं. बिलात ती ओळ आली नाही.

आयटीआयमध्ये शिकणारी मुलं गावागावात आहेत, त्यांच्या मास्तरांनी मे महिन्यात एखाद्या पंचायतीच्या हॉलबाहेर अर्धा दिवस अशा गाड्या उघडून दाखवल्या तर किती लोक शिकतील, आणि मुलांचाही हात बसेल. आमच्या वाड्यावर मृगाच्या आदल्या रविवारी सकाळी नऊला देवळासमोरच्या पटांगणात आम्ही हे परत करणार आहोत, आतापर्यंत सात गाड्या ठरल्यात, त्यातल्या पाच बायकांच्या आहेत. फिल्टर ज्याने त्याने आणायचा.

तो भोक पडलेला जुना फिल्टर मी टाकलेला नाही. झिपच्या पिशवीत बंद करून, वर तारीख लिहून पडवीतल्या कपाटात ठेवलाय. पत्राबरोबर त्याचा फोटो पाठवतेय, जागा असेल तर छापा, आणि कोणाला प्रत्यक्ष बघायचा असेल तर त्या रविवारी पटांगणात टेबलावर मांडून ठेवणार आहे.

आपली,
एक वाचक, साखळी